गाभण, रिकाम्या आणि संशयित

"सगळ्या? अहो, सगळ्याच्या सगळ्या?"

मॅडम ओरडत होत्या. आमच्या मेंढी केंद्रात त्यांना येऊन चार वर्षं झाली होती आणि या चार वर्षांत त्यांचा आवाज टेबलाच्या पलीकडे गेल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. त्या दिवशी तो सिन्नरच्या स्टँडवर ऐकू आला, असं एका कंडक्टरने मला पुढे शपथेवर सांगितलं. आम्ही स्टँडपासून अठरा किलोमीटरवर, सगुणाबाई धनगरणीच्या अंगणात होतो.

"बेचाळीसच्या बेचाळीस लाल! वरून निळे ठिपके! आणि हिच्या गळ्यात हा गोंडा कुणी बांधला?"

"सुनेनं," सगुणाबाई म्हणाल्या.

"पण का?"

"पाडवा हाय ना, मॅडम."

दिवाळीच्या पाडव्याला धनगर आपल्या मेंढ्या रंगवतात, ओवाळतात, त्यांना गोडाचा घास देतात, हे आमच्या तालुक्यात बांधावरच्या दगडालाही ठाऊक आहे. मॅडमना ठाऊक नव्हतं, कारण त्यांचं सगळं शिक्षण पदवीच्या वर झालेलं. मला ठाऊक होतं, पण मला कुणी विचारलं नाही.

मॅडम माझ्याकडे वळल्या. "वाघकाका, वही!"

"वही केंद्रात आहे, मॅडम," मी म्हणालो.

हे अक्षरशः खरं होतं. वही केंद्रातच होती. वहीत काय होतं याकडे आपण जरा पुढे येऊ.

मी त्या केंद्रात प्रयोगशाळा परिचर होतो. परिचर म्हणजे बाटल्या धुणारा, मेंढी धरणारा, रक्ताच्या नळ्यांवर नंबर चिकटवणारा आणि साहेब घरी झोपलेले असले की फोनवर "साहेब मीटिंगमध्ये आहेत" असं सांगणारा. तेहतीस वर्षं केलं. मेंढ्यांच्या केंद्रात वाघ या आडनावानं तेहतीस वर्षं काढली की माणसाला कुठल्याही विनोदाचं काही वाटेनासं होतं. सगुणाबाई मला लांबून बघितलं की सुनेला हाक मारायच्या, "वाघ आला गं, कोकरं आत घे." समोर आल्यावर मात्र डाक्टर म्हणायच्या. मी डॉक्टर नाही, हे मी त्यांना पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. हळू आवाजात.

आमचं काम मेंढीच्या गर्भाशयाचं. त्यातही गाभण राहिल्यानंतरच्या पहिल्या तीन आठवड्यांचं. पाहुणे विचारायचे, "यात बघण्यासारखं काय असतं?" मी त्यांना काट्यापासून सुरुवात करून द्यायचो. तशीच तुम्हालाही देतो.

तळपायात बाभळीचा काटा मोडला तर दोन दिवसांत तिथे पू धरतो. म्हणजे शरीराचे पहारेकरी, रक्तातल्या पांढऱ्या पेशी, त्या परक्यावर तुटून पडतात. आता कोकरू घ्या. ते निम्मं आईचं आणि निम्मं त्या मेंढ्याचं, ज्याची आणि आईची ओळख एका सकाळची. म्हणजे पहारेकऱ्यांच्या लेखी निम्मा काटाच. तरी तो पाच महिने आत राहतो, खातो-पितो, वाढतो आणि त्याला कुणी हात लावत नाही. परक्या रक्ताचा जो माणूस घरात राहून जेवतो, त्याला आपल्याकडे घरजावई म्हणतात. मेंढीचं गर्भाशय घरजावई कसा खपवून घेतं, हा आमच्या केंद्राचा विषय. मी स्वतः दोन वर्षं सासुरवाडीला राहिलेलो असल्यामुळे मला तो साहेबांच्या आधी समजला.

हा जावई आत येतो, पण बारा-तेरा दिवस कुठे टेकत नाही. नुसता तरंगतो. बाजरीच्या दाण्याएवढा. मग एकाएकी लांबायला लागतो आणि पंधराव्या-सोळाव्या दिवशी वीतभर लांब, ओल्या शेवईसारखा होतो. त्याच सुमाराला तो एक रस सोडतो. गंमत अशी की एरवी अंगात विषाणू शिरला की पेशी ज्या जातीच्या रसानं बोंब मारतात, त्याच जातीचा हा रस. म्हणजे चोरानेच "चोर, चोर" करत घरात शिरावं आणि घरच्यांनी त्याला पाट मांडावा. ही बोंब पोचली की गर्भाशय पुढच्या माजाची तयारी थांबवतं. पोचली नाही तर सतराव्या दिवशी मेंढी पुन्हा माजावर.

आणि पहारेकरी? काही दारावरून कमी होतात. काही तिथेच राहतात, पण काठी खाली ठेवून बांधकामावर लागतात. नव्या रक्तवाहिन्या घालायच्या असतात, त्यावर देखरेख. काही मात्र काठी घेऊन उभेच, कारण खरा रोग आला तर बघायचं कुणी? असा तिहेरी बंदोबस्त नीट बसला तर कोकरू. फिसकटला तर काहीच नाही. मेंढी आपली चरत असते. मेंढपाळ म्हणतो, यंदा गाभ धरला नाही. ती धरून बसली होती आणि सुटलं, हे कुणाला कळतसुद्धा नाही.

हे सगळं कळायला किती गर्भाशयं लागली, ते विचारू नका. मी हाताळलेली एकापुढे एक मांडली तर सिन्नरपासून शिर्डीपर्यंत जातील आणि परतीचं तिकीटही काढावं लागेल. मालेगावचे हनीफभाई म्हणून खाटीक होते, ते आमच्यासाठी बाजूला काढून ठेवायचे. आमच्या डॉक्टरांना सूक्ष्मदर्शकाखाली जे कळायला अर्धा दिवस लागायचा ते हनीफभाई सुरीच्या टोकावर सांगत. "वाघसाब, ये सोला दिन का. देखो, सेवई." मी तो नमुना बर्फात घालून थर्मासमधून एसटीने आणायचो. एकदा शेजारच्या बाईंनी विचारलं, "चहा हाय का दादा?"

"नाही, गर्भाशय आहे."

त्यांनी थोडा विचार केला. "माणसाचं?"

"मेंढीचं."

"मग ठीक हाय," म्हणाल्या आणि थर्मास स्वतःच्या मांडीवर घेऊन बसल्या, कारण राहुडच्या घाटात तो सीटवरून पडला असता. मी नाशिक जिल्ह्यात विज्ञानाला एवढा आधार दुसऱ्या कुणाकडून मिळालेला पाहिला नाही.

पण या कामात एक बोच होती. गर्भाशय बघायचं तर मेंढी उरत नाही. हाच प्रश्न मॅडमनी सोडवायला घेतला होता. त्या बोंबेचा आवाज आईच्या रक्तापर्यंत जातो. सोळा ते वीस दिवसांच्या दरम्यान चमचाभर रक्त काढलं तर पांढऱ्या पेशींत त्याची खूण सापडते आणि मेंढीला न दुखवता सांगता येतं, गाभण की रिकामी. मात्र रक्त लवकर काढलं तर खूण उमटलेली नसते आणि फार उशीर केला तर विरलेली असते. म्हणजे सगळा खेळ तारखेचा. मेंढीला मेंढा कोणत्या दिवशी लागला, हे कळलं नाही तर मॅडमचं यंत्र आणि पोपटवाल्याचा पोपट यांत फरक नाही.

ही तारीख कळावी म्हणून आम्ही नर मेंढ्यांच्या छातीला तेलात कालवलेला गेरू फासत होतो. मेंढा मेंढीवर चढला की तिच्या माकडहाडावर लाल छाप उठतो. आठ दिवसांनी गेरूच्या जागी नीळ. रंग आठवडा सांगतो, आणि रोज सकाळी कुणाच्या पाठीवर नवा छाप आला हे कानातल्या बिल्ल्याच्या नंबरासह वहीत लिहिलं की दिवस कळतो. कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी मेंढे सोडले होते. पाडव्याला काढून घ्यायचे होते. आणि पाडव्याच्या सकाळी सगुणाबाईंच्या बेचाळीस मेंढ्या मानेपासून शेपटापर्यंत लाल आणि वर निळ्या ठिपक्यांच्या. मॅडमची पीएचडीनंतरची सगळी रंगसंगती सणात गेली होती.

मॅडम नुसत्या अभ्यासासाठी ओरडत नव्हत्या, हे त्यांच्या बाजूने सांगायला पाहिजे. सगुणाबाईंच्या कळपाचा निकाल त्या रंगांवर होता.

सगुणाबाईंचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. कळप त्यांच्या माहेरच्या आंदणातून वाढलेला. मुलगा एकच. नाव भाऊसाहेब, वय अठ्ठावीस. सिन्नरच्या एमआयडीसीत त्याला एका कारखान्यात कामावर घ्यायला तयार होते. दोन हंगाम मेंढ्यांनी गाभ धरला नव्हता. आषाढात मेंढे लावायचे आणि आठ दिवसांत कळप दहा गावं पुढे हलवायचा, ही त्यांची रीत. बंदोबस्त बसायच्या आतच धावपळ होते, ती नडते, असं मॅडमचं मत. मेंढ्या म्हाताऱ्या झाल्यात, असं भाऊसाहेबाचं मत. म्हणून आषाढात गाभ न धरलेल्या मेंढ्यांना दिवाळीच्या तोंडावर पुन्हा मेंढे लावले होते, आणि या वेळी जागचं हलायचं नाही अशी अट होती.

भाऊसाहेबानेही अट घातली. "डाक्टर, निम्म्या गाभण निघाल्या तर ज्या गाभण हायेत त्या घेऊन वाडा घाटाखाली नेतो. रिकाम्या ट्रकात. निम्म्याच्या खाली निघाल्या तर समद्या ट्रकात, आन् मी कंपनीत." वाडा म्हणजे मेंढ्यांचं नि माणसांचं फिरतं बिऱ्हाड. भात निघालं की घाटाखालचे शेतकरी खतासाठी मेंढ्या शेतात बसवायला बोलावतात. कार्तिकी पौर्णिमेच्या मागेपुढे निघालं नाही तर दुसऱ्याचा वाडा तिथे जाऊन बसतो. सोनोग्राफीने बघायचं तर सगळ्या मेंढ्यांना सव्वा महिना तरी व्हायला हवा. तेवढी सवड नव्हती. पौर्णिमेनंतरच्या शनिवारी मालेगावच्या बाजाराचा ट्रक ठरला होता. तोवर मॅडमचा कागद आला पाहिजे.

सगुणाबाईंनी या अटीवर मान हलवली होती. एकदाच. तेवढ्या मानेवर पुढे सगळं चाललं.

आता वही.

वहीत पहिल्या दोन दिवसांच्या नोंदी होत्या. अक्षर सुरेख होतं. त्यापुढे कोरी पानं. रोज सकाळी मी मोटरसायकलवर वाड्यावर जात होतो, हे देवाशपथ खरं. पण सगुणाबाईंची सून चहा करायची, भाऊसाहेब कारखान्याच्या गप्पा काढायचा, मग माझीच एखादी गोष्ट निघायची. आमच्या केंद्रात मॅनेजर नावाचा मेंढा होता. त्याने एकदा रागाने एसटीला समोरून धडक दिली आणि एसटी चार पावलं मागे सरकली. ही गोष्ट नीट सांगायला पाऊण तास लागतो. मग मी म्हणायचो, रंग काय पळून जातो? मेंढीची पाठ हीच वही. पाडव्याला एकदम उतरवून घेऊ.

आणि आजवर कुणाला सांगितलं नाही ते इथे सांगतो. पाडव्याला मी मॅडमच्या दोन तास आधी पोचलो होतो. वही उतरवायलाच. सुनेने करंज्यांचं ताट पुढे केलं. अंगणात गेरूचा डबा होता, केंद्राचाच, मीच आणून दिलेला. सगुणाबाई म्हणाल्या, "डाक्टर, तुमचा हात उंच पोचतो, नीळ तुमी लावा." सणाचा दिवस. बायामाणसं रंगवतायत आणि आपण वही धरून उभं राहायचं, हे मला शोभेना. निळे ठिपके माझे होते. चांगले आले होते. विसाव्या-बाविसाव्या मेंढीला माझ्या लक्षात आलं की मी काय करतोय. तेव्हा इतकं पुढे गेलो होतो की मधेच थांबलो असतो तर फक्त अर्धवट दिसलं असतं.

तर मॅडम ओरडत होत्या, "वही केंद्रात आहे ना? मग जा, घेऊन या!" आणि मी मोटरसायकलची किल्ली खिशात असूनसुद्धा शोधत होतो.

सगुणाबाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांच्या हाताला गेरू होता, माझ्या हाताला नीळ होती, आणि मॅडम शहरातल्या असल्या तरी आंधळ्या नव्हत्या. बाईंनी नुसतं माझं नाव घेतलं असतं तर माझी तिथेच चौकशी बसली असती.

"वही कशाला?" त्या म्हणाल्या. "मला ठावं हाय समदं."

"काय ठाऊक आहे?"

"कोण कवा लागली त्ये."

"बेचाळीस मेंढ्या आहेत, आजी!"

"हायेत," सगुणाबाई म्हणाल्या.

त्या पायरीवर बसल्या आणि सुपात बाजरी पाखडायला घेतली. कळपाकडे पाठ. भाऊसाहेब एकेक मेंढी धरून खूण सांगायचा, मी बिल्ला वाचायचो, मॅडम लिहायच्या.

"कानफाटी," भाऊसाहेब म्हणाला.

"कोजागिरीच्या दुसऱ्या दिशी. मेंढा सोडला आन् हीच पयली पळाली. लाज नाय तिला."

"बुटकी."

"बाजाराच्या दिशी. मी बाजारातून आले आन् सून म्हनली, आत्याबाई, आत्ताच झालं."

"डोळ्याला काळा डाग."

"कोणत्या डोळ्याला?"

"डाव्या."

"मग वसुबारस. उजवा आसंल तर लिहू नका. तिला मेंढा आवडत नाय."

"म्हणजे?" मॅडम.

"म्हंजी लागलीच नाय. रिकामी लिहा तिला आत्ताच. रगत वाचंल."

दोन तासांनी सगळी यादी झाली. मॅडमचा विश्वास बसला नव्हता. बसूही नये, त्याला विज्ञान म्हणतात. त्यांनी नऊ मेंढ्या उलटसुलट क्रमाने पुन्हा विचारल्या. आठ जशाच्या तशा आल्या. नवव्या मेंढीला सगुणाबाईंचं सूप थांबलं. "मगाशी दुपार म्हनले का मी? सकाळ लिहा. सून पाणी आनाया गेली व्हती तवा."

मॅडमनी खोडून सकाळ लिहिलं. माझी वही त्यांनी पुन्हा कधी मागितली नाही. हुशार बाई.

पुढचे सतरा दिवस मी त्या वाड्यावर जो कडक बंदोबस्त ठेवला तसा नाशकात कुंभमेळ्यालाही नसतो. मेंढ्या पळवायच्या नाहीत, धुवायच्या नाहीत, कुत्रं अंगावर सोडायचं नाही. दिवाळीनंतरची लोकर कातरणीसुद्धा मी थांबवली. कातरणारे आले ते माझ्याकडे बघून म्हणाले, "मेंढ्या हायेत का बाळंतिणी?" मी म्हणालो, त्याच्या आधीचं आहे. मेंढ्या खोकल्या तरी मी जागचा उठत होतो. नोंद रोज करत होतो. या वेळी खरोखरच. ज्या मेंढीचा दिवस भरेल तिचं रक्त मॅडम काढायच्या, मी मान धरायचो, सगुणाबाई मेंढीच्या कानात काहीतरी पुटपुटायच्या. काय, ते मी विचारलं नाही. तो त्यांचा विभाग.

शनिवार आला. मॅडमना पुण्याला बैठक होती. आदल्या दिवशी निकालाचा कागद पाकिटात घालून त्यांनी माझ्या हातात दिला. "वाघकाका, वाचून समजावून सांगा."

मी पोचलो तेव्हा ट्रक लागलेला होता. ड्रायव्हरने मागची फळी आधीच टेकवून ठेवली होती. भाऊसाहेब नवी पँट घालून उभा. सगुणाबाई कळपाच्या तोंडाशी, हातात काठी. मी पाकीट फोडलं.

कागद इंग्रजीत होता. तीन रकाने. गाभण: एकोणीस. रिकाम्या: एकोणीस. संशयित: चार.

बेचाळिसाचे निम्मे एकवीस.

संशयित म्हणजे काय, ते सांगतो. खूण आहे, पण अंधुक. रक्त एखाद दिवस मागे-पुढे काढलं गेलं की असं होतं. किंवा बोंब मारली गेली होती आणि आतून मिटत चालली होती. दोन्हीत फरक करायचा तर तारीख खात्रीची लागते. आणि तारखेची खात्री का नव्हती, हे तिथे उभ्या असलेल्या माणसांपैकी दोघांना ठाऊक होतं. त्यातला एक मी. म्हणजे ते चार संशय माझ्या कोऱ्या पानांचे होते. सगुणाबाईंचे नव्हते, मेंढ्यांचे तर नव्हतेच. असा मी विचार केला. तेव्हा केला की नंतर, हे आता सांगता येत नाही.

मी गाभण मेंढ्यांचे नंबर वाचायला लागलो. भाऊसाहेब बोटं मोडत मोजत होता. एकोणिसावा नंबर वाचून झाला. माझा आवाज थांबला नाही. मी तो थांबवला नाही, असंही म्हणता येईल. चारांतल्या तिघींचे नंबर मी त्याच सुरात वाचले आणि म्हणालो, "एकूण बावीस."

चौथी मी संशयितच ठेवली. म्हटलं, काहीतरी खरं असावं.

कागदाला मी हात लावला नाही, हे नोंदवून ठेवतो. मॅडमच्या कागदावर एकोणीस होत्या आणि एकोणीसच राहिल्या. फक्त वाचन माझं होतं.

भाऊसाहेबाने दोनदा मोजलं. त्याच्या तोंडावर काय होतं ते मला नीट वाचता आलं नाही. कारखान्यातली जागा गेल्याचं दुःखही होतं आणि काहीतरी सुटल्यासारखंही. "आन् ती संशयित म्हंजी काय, डाक्टर?"

"म्हणजे सांगता येत नाही."

"सांगता येत नाय, मग ट्रकात."

तीन खोट्यांच्या शेजारी उभं राहून चौथीची बाजू मांडायला जी हिंमत लागते ती माझ्यात नव्हती. नंबर वाचला. बुटकी होती. बाजाराच्या दिवसाची. सगुणाबाईंनी तिला स्वतः फळीपर्यंत नेलं, पाठीवरून हात फिरवला. पाडव्याची नीळ अजून होती. त्यांनी हात बघितला, लुगड्याला पुसला.

ट्रक एकोणीस आणि एक घेऊन गेला. बावीस मेंढ्यांचा वाडा म्हणजे वाडा नव्हे, वाड्याची आठवण. त्यांनी भावकीच्या वाड्यात आपल्या मेंढ्या मिसळल्या आणि सोमवारी घाटाकडे निघाले. घोड्यावर सामान, सामानावर कोंबड्या, पुढे सगुणाबाई. साठीच्या बाईला इतकं भरभर चालताना मी पाहिलं नाही. आमचा मॅनेजर मेंढासुद्धा मागे पडला असता.

त्यानंतर आठवड्याने हनीफभाईंचा फोन आला. "वाघसाब, आपके बिल्लेवाली आयी थी. छोटीवाली."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आपने ही बोला था ना, बिल्लेवाली आये तो बताना. इसलिये बताया. अब सेवई नहीं रही, वाघसाब. हाथ-पाँव आ गये थे."

मी म्हणालो, बर्फात ठेवू नका, आता उपयोग नाही. ते म्हणाले, "उसके लिये नहीं रखा था."

हे मी मॅडमना सांगितलं नाही आणि सगुणाबाईंनाही नाही. जी एक मी खरी ठेवली होती तीच गाभण निघाली. तेहतीस वर्षांत मी कितीतरी थापा मारल्या, त्यांतली एकही मला पुन्हा आठवत नाही. हा एक खरेपणा मात्र आठवतो. बुटकीचा नंबरसुद्धा आठवतो, पण तो इथे लिहीत नाही.

वैशाखात वाडा वर आला. मी तोवर निवृत्तीच्या कागदांवर सह्या करत होतो. एक दिवस भाऊसाहेब केंद्रावर आला. उन्हाने काळा पडलेला, डोक्याला फेटा, नव्या पँटचा पत्ता नाही. फाटकातच म्हणाला, "वीस व्याल्या, डाक्टर. समदी कोकरं धडधाकट."

मी म्हणालो, वा.

"दोन रिकाम्या निघाल्या. तुमी गाभण वाचलेल्या."

मी त्याला बाकावर बसवलं. म्हणालो, भाऊसाहेब, हे नीट समजून घे. मेंढीचं गर्भाशय ही साधी जागा नाही. मग काट्यापासून सुरुवात केली. घरजावई सांगितला, बोंब सांगितली, काठी खाली ठेवणारे पहारेकरी आणि न ठेवणारे पहारेकरी सांगितले. रक्तात खूण असते, मेंढी त्या दिवशी गाभणच असते, पण पुढे घाट उतरताना, थंडीत, आतल्या आत एखाद्या रात्रीत पहारेकऱ्यांचं मत फिरतं आणि सुटून जातं, कुणाला कळत नाही, यंत्राचा दोष नाही, मेंढीचा नाही, कुणाचाच नाही. यातला शब्द न् शब्द शास्त्राला धरून होता. पाच विद्यापीठांत तसं घडतं म्हणून मान्य होईल. शेवटी शेवटी तर मला स्वतःलाच त्या दोघींचं वाईट वाटायला लागलं.

भाऊसाहेबाने सगळं ऐकून घेतलं. फेटा काढून मांडीवर ठेवला, पुन्हा बांधला. उठला.

"आई म्हनलीच व्हती," तो म्हणाला, "डाक्टर असंच सांगतील."